बघणाऱ्या बाईकडे बघायचं काम

मी बदलापूरला जाऊन आले हे आमच्या वाडीत सगळ्यांना माहीत आहे, आणि तिथे काय झालं हे सगळ्यांना अर्धंमुर्धं माहीत आहे. नळावर गेले की रोज नवी गोष्ट ऐकू येते. कुणी म्हणतं माझ्या भाचीला पोलिसांनी धरलं, कुणी म्हणतं तिचं रक्त काढून दिल्लीला नेलं. रक्त नव्हतं, लघवी होती. आणि धरलंबिरलं कुणी नाही. मी चौथी शिकले आहे, लिहिता येतं. तेव्हा एकदाच नीट लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा कुणी विचारलं तर हा कागद हातात देईन.

सोनिवली, बदलापूर

प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. एस.टी.त बसले, झोपले, उतरले. माझा धाकटा भाऊ दत्ता घ्यायला आला होता. तो अंबरनाथच्या आनंदनगरात एका कारखान्यात आहे आणि सोनिवलीला नव्या इमारतीत राहतो. वहिनी जिन्यावरून घसरली आणि पाय प्लास्टरमध्ये गेला, म्हणून मला बोलावणं आलं होतं. घरचं काम दत्ता करतो. पण प्रज्ञाबरोबर जायला कुणी बाईमाणूस पाहिजे होतं.

प्रज्ञा म्हणजे दत्ताची मुलगी. लहानपणी तापात तिचे डोळे गेले. त्याबद्दल जे रडायचं ते तेव्हाच रडून झालं, आता पुन्हा रडायचं कारण नाही. ती बँकेत फोनवर बोलायचं काम करते आणि गोळा फेकते. गोळा म्हणजे लोखंडाचा. मी उचलून बघितला, आमच्या वरवंट्याला भारी. राज्याच्या संघात कोण जाणार हे त्या आठवड्यात उल्हासनगरला ठरणार होतं. दोन मुली घेणार होते, आणि प्रज्ञा याच्यासाठी तीन वर्षं पहाटे उठत होती.

तिकडच्या इमारतींचं एक वाईट आहे, सगळे मजले सारखे. पहिल्याच संध्याकाळी मी खाली फेरी मारून लिफ्टने वर आले आणि उघडं दार बघून सरळ आत गेले. बसले. पाणी मागितलं. त्या बाईने पाणी दिलं, वर गुळाचा खडाही दिला, आणि मग विचारलं, "आजी, आपण कोणाकडच्या?"

प्रज्ञाला सांगितलं तर ती पोट धरून हसली. "आत्या, आपल्या मजल्यावर लिफ्टबाहेरची फरशी हलते. पायाला कळतं. तू बघत बसतेस म्हणून चुकतेस."

दुसऱ्या दिवसापासून मी पायाने घर ओळखायला लागले. एकदाही चुकले नाही.

त्या पहिल्याच रात्री जेवण झाल्यावर मी लाडवांचा डबा काढला. पोरगी ताकदीचा खेळ खेळते म्हणून गावाहून मुद्दाम करून नेले होते. तिने डबा नाकाजवळ नेला.

"डिंक, खारीक, सुकं खोबरं. आणि हे कडवट काय आहे?"

"वैद्याची पुडी. ताकदीची."

"तिच्यात काय असतं?"

"ताकद असते."

तिने झाकण लावलं आणि डबा माझ्याकडे सरकवला. "आत्या, मला नाही चालणार."

मग तिने समजावलं. खेळाडूंची तपासणी होते. अंगात नको ते औषध निघालं की वर्षानुवर्षं खेळायला बंदी. कुणी दिलं, का दिलं, तुला माहीत होतं का, हे सगळं नंतर. आधी बाहेर. तिच्या ओळखीचा एक भालाफेकवाला आहे, तो खुर्चीत बसून भाला फेकतो. त्याने व्यायामशाळेतल्या मित्राने दिलेली पावडर दुधातून घेतली. डब्यावर लिहिलं होतं एक, आत होतं दुसरं. आता तो घरी बसून भाऊ-भावजयीची बोलणी खातो.

"म्हणजे तुम्हा लोकांनाही तपासतात?" मी म्हटलं. मला खरंच वाटलं होतं की यांना तरी सोडत असतील.

"का नाही तपासायचं? लबाडी करायला डोळे लागत नाहीत, आत्या."

बोलणं पटलं, पण राग आला तो आलाच. आमच्याकडे पाहुणीने आणलेला लाडू निदान तोडून तोंडात टाकतात. मी डबा बाजूला ठेवला आणि तोंड फिरवून झोपले. सकाळी बघते तर डबा निम्मा. दत्ताने रात्री उठून खाल्ले होते. त्याला कोण तपासतंय!

अंबरनाथ

दुसऱ्या दिवशी सरावाला अंबरनाथला गेलो. तिचे सर एका मैदानावर शिकवतात. ते तिला रिंगणात नेऊन उभं करतात, मग समोर जाऊन टाळी वाजवतात, आणि ही टाळीच्या दिशेने गोळा सोडते. मी सरांना म्हटलं, "एखाद्या दिवशी टाळीवरच बसेल." ते म्हणाले, "म्हणूनच टाळी वाजवून बाजूला पळतो, आजी." सरांच्या अंगात चपळाई आहे, ती कशी आली ते तेव्हा कळलं.

सराव लवकर आटपला म्हणून प्रज्ञा म्हणाली, शिवमंदिर बघून येऊ. आम्ही देवळात जाणारी माणसं नव्हे. आजोबांच्या काळातच आमच्या घरातला देव्हारा उतरला. पण दगड घडवणाऱ्याचं काम बघायला काही अडचण नाही. लांबून ते देऊळ नुसतं काळं दिसतं. जवळ गेलं की त्या काळ्यातून माणसं बाहेर यायला लागतात.

"सांग ना काय दिसतंय," प्रज्ञा म्हणाली.

"एक बाई आहे. कंबर एका बाजूला काढून उभी. नाकाचा शेंडा गेलाय."

"चेहरा?"

"आपल्या गावच्या सरपंचीणबाईंसारखा. समोरच्यावर उपकार केल्यासारखा."

ती इतकी हसली की दोन माणसं वळून बघायला लागली. "आई नुसतं म्हणते, सुंदर मूर्ती आहे. पुढची सांग."

मग आम्ही सगळ्या देवळाला तशी फेरी मारली. एका बाईला मी हिशेब चुकलेली म्हटलं, एका पुरुषाला सासुरवाडीला आलेला. आमच्या गावात आंधळ्या माणसासमोर 'बघ', 'दिसतंय' असे शब्द लोक गिळतात. प्रज्ञाला त्याचाच कंटाळा येतो.

बाहेर दुकानांच्या रांगेत एक माणूस मोठ्या पातेल्यातून पेले भरून वाटत होता. त्याने एक पेला प्रज्ञाच्या हातात दिला. "घ्या ताई, प्रसाद आहे. थंडाई."

"यात काय काय आहे, दादा?"

"दूध, बदाम, बडीशेप. आणि थोडी भोलेनाथाची कृपा." असं म्हणून तो मागच्या माणसाकडे बघून हसला.

प्रज्ञाने पेला परत केला. मला हळूच म्हणाली, "भांग असली तर संपलं माझं."

त्याला ते लागलं. "प्रसाद परत करतात का? तुमच्यासारख्यांनी तरी करू नये. देव बघतो सगळं."

माझ्यात आदल्या रात्रीचा राग शिल्लक होता, तो सगळा त्याच्यावर निघाला. "काल हिने माझा लाडू परत केला. मी सख्खी आत्या. तू कोण लागून गेलास? आणि देव बघतो ना, मग तुझ्या कृपेत काय आहे तेही बघत असेल. त्यालाच विचारते."

तो पुढचा पेला भरायला लागला. प्रज्ञाने माझा दंड दाबला. लाडवाचा राग तिथेच गेला. पेला वाया कशाला घालवायचा म्हणून तो मी प्यायले. चव चांगली होती. त्या संध्याकाळी मला फार लवकर आणि फार छान झोप लागली, एवढंच सांगते.

उल्हासनगर

स्पर्धा उल्हासनगरच्या एका मैदानावर होती. उल्हासनगर म्हणजे दुकानं. एका गल्लीत नुसत्या पँटी टांगलेल्या, दुसऱ्या गल्लीत नुसते सोफे. लोक सिंधी, पण भाजीवाला मराठी बोलतो, त्याला गिऱ्हाईक सिंधीत उत्तर देतं, आणि भांडण हिंदीत होतं. मैदानाच्या फाटकाजवळ कविता नावाची एक सिंधी बाई दाल पकवान विकत होती. पकवान म्हणजे कुरकुरीत मोठी पुरी, वर चण्याची डाळ, चिंचेची चटणी, कांदा. मी दोन प्लेटा खाल्ल्या. प्रज्ञाने घरून आणलेली चपाती खाल्ली. कविताने तिला आग्रह केला तर मीच म्हटलं, "ती बाहेरचं खात नाही. तिच्या वाटणीचं मला दे."

मैदानावर मी पहिल्यांदाच इतके अपंग खेळाडू एकत्र बघितले. आमच्याकडे अशा माणसाशी बोलताना लोक आवाज बारीक करतात, आजाऱ्याशी बोलल्यासारखा. इथे उलट. एक चाकाच्या खुर्चीतला पोरगा वाट अडवून बसला होता. मागून आंधळा धावपटू ओरडला, "ए लंगड्या, गाडी काढ ना रस्त्यातून!" तो म्हणाला, "दिसत नाही का रे, पंक्चर आहे!" आणि दोघं खदाखदा हसले. मीही हसले. मग आजूबाजूला बघितलं, हसायला परवानगी आहे की नाही. होती.

प्रज्ञाच्या गटात सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधतात, ज्यांना काहीच दिसत नाही त्यांच्याही. म्हणजे कुणाला शंका नको. सरांनी टाळी वाजवली आणि बाजूला उडी मारली. पहिल्या फेकी तिच्या साधारण गेल्या. शेवटची मात्र अशी गेली की गोळा पडल्याचा आवाज ऐकूनच तिने हात वर केले. दुसरी आली. दोघींतली एक. वहिनीला फोन केला तर ती प्लास्टरसकट उठायला निघाली होती.

तेवढ्यात गळ्यात कार्ड घातलेली एक बाई आली आणि हिंदीत म्हणाली, प्रज्ञाला तपासणीसाठी घेतलं आहे, आतापासून नमुना देईपर्यंत माझ्या नजरेआड जायचं नाही. आम्ही तिला मॅडम म्हणायचो, मीही तेच लिहिते.

सर म्हणाले, "आजी, तुम्ही बरोबर जा. मी पुरुष, मला आत येता येणार नाही. तिला दिसत नाही, म्हणून तिच्या बाजूने एक माणूस लागतं."

"मी काय करायचं?"

"प्रज्ञा नमुना देईल तेव्हा मॅडम तिच्याकडे बघणार. तसा नियम आहे, कुणी दुसऱ्याची लघवी भरू नये म्हणून. आणि तुम्ही मॅडमकडे बघायचं. तिने काही गडबड केली नाही, हे तुम्ही सांगायचं."

आयुष्यात खूप कामं केली. भाताची लावणी केली, पाटी उचलली, बाळंतपणं केली. लघवी करणारीकडे बघणाऱ्या बाईकडे बघायचं काम पहिल्यांदाच आलं.

मैदानाच्या मागची खोली

खोलीत टेबल, खुर्च्या, पाण्याच्या बंद बाटल्या, आणि आत एक संडास. मॅडमने प्लास्टिकचा पेला दिला. आम्ही तिघी आत गेलो. प्रज्ञा बसली, मॅडम समोर, मी मॅडमच्या बाजूला. नळ ठिबकत होता तेवढाच आवाज.

काही झालं नाही. बाहेर आलो.

"पाणी पी," मी म्हटलं. बाटली स्वतः निवडून, स्वतः झाकण फोडून प्यायची असते. तिने एक प्यायली. मी दुसरी प्यायला लावली. मग आणखी. गावात बायकांचं लघवीचं दुखणं आलं की आम्ही पाणीच पाजतो, मला त्यात काय शिकवायचं! शेवटी पोरगी ताठ बसेना. "आत्या, आता फुटेन." आत पळालो आणि पेला भरला. मी मॅडमकडे विजयी मुद्रेने बघितलं.

मॅडमने दोन थेंब एका यंत्रावर टाकले आणि मान हलवली. "बहुत पतला है."

"पातळ म्हणजे? आमटी आहे का?"

सगळं पाणीच आलं होतं. इतक्या पातळ लघवीत काही शोधता येत नाही म्हणे. मॅडम म्हणाल्या, हे बंद करून ठेवू, पण आणखी एक नमुना द्यावा लागेल, चांगला. आणि आता पाणी प्यायचं नाही. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अम्मा, आप भी मत पिलाइए."

मी हातातली बाटली खाली ठेवली. म्हणजे माझी हुशारी पोरीच्या अंगावर आली होती.

वाट बघत बसलो. बाकीचे खेळाडू येत होते, देऊन जात होते. कविताने फाटकावरून माझ्यासाठी कोकी पाठवली, कांदा घातलेली जाड सिंधी पोळी, दह्याबरोबर. मी ती खाल्ली. प्रज्ञा कोरड्या तोंडाने बसून होती. एकदा आत जाऊन आलो, एक थेंब नाही. मग ती उठून उभी राहिली आणि काठी उघडली.

"मी जाते घरी."

मॅडम म्हणाल्या, "प्रज्ञा, दिए बिना गई तो मना करना लिखना पड़ेगा. पॉझिटिव जैसा ही है."

म्हणजे औषध खाऊन पकडली गेली असती तर जे झालं असतं तेच. संघ गेला, पुढची वर्षं गेली, आणि हे सगळं एक कणही न खाता. मी तिचा हात धरून खाली बसवलं. "काय होतंय ते सांग. रडायचं असेल तर आधी रड, मग सांग."

ती रडली नाही. हळू आवाजात म्हणाली, "मघाशी पोट फुटत होतं म्हणून झालं. आता नाही होणार. कुणीतरी माझ्याकडे बघतंय आणि ते कोण आहे, कुठे बघतंय, कसं बघतंय, मला काहीच कळत नाही. ती हसत असेल तर? अंग आखडून जातं."

हे मला सुचलंच नव्हतं. आम्ही लहानपणी पहाटे टमरेल घेऊन पऱ्ह्यापलीकडे, ओढ्याच्या त्या बाजूला जायचो, वाडीतल्या सगळ्या बायका एका ओळीत. कुणाला कुणाची लाज नव्हती, कारण जी मला बघायची तिला मी बघत होते. वर गप्पा. अर्ध्या गावाची लग्नं तिथेच ठरली. इथे एकीला दिसत होतं आणि एकीला नाही. हा सौदा बरोबरीचा नव्हता.

"चल आत," मी म्हटलं. "माझं काम मॅडमकडे बघायचं आहे ना? मग मी बघते आणि मोठ्याने सांगते."

मॅडमना मराठी थोडं कळत होतं. त्या म्हणाल्या, बोलायला मनाई नाही.

प्रज्ञा बसली. मी सुरू केलं. "ही मॅडम आहे ना, पन्नाशीची असेल. ठेंगणी. केसाला मेंदी लावलीय, पण मागे लावायची राहिलीय, मागून पांढरी आहे."

मॅडमचा हात मागे गेला.

"आता केस चाचपतेय. गाल गुबगुबीत. कपाळावर आठी, पण ती रागाची नाही, चष्मा घरी विसरल्याची आहे. हसत नाहीये. दमलीय बिचारी. सकाळपासून हेच बघतेय."

"सच में," मॅडम म्हणाल्या.

"पायात मोजे आहेत. एक निळा, एक काळा."

"अरे!" मॅडम खाली बघायला लागल्या, मग पटकन पुन्हा वर बघितलं. "सुबह चार बजे उठी थी, अम्मा, अंधेरे में पहने."

"अंधारात मोजे मला विचारून घालायचे, मॅडम," प्रज्ञा बसल्याबसल्या म्हणाली. "माझे कधी चुकत नाहीत."

मॅडम हसल्या. मी हसले. प्रज्ञा हसली, आणि हसता हसता पेल्यात धार लागली.

आम्ही तिघीही एकदम गप्प झालो, मांजर दूध पीत असलं की होतो तशा.

या वेळी यंत्राने होकार दिला. मग बंद खोकी पुढे ठेवली. त्यातलं एक प्रज्ञाने हाताने चाचपून निवडलं. खोक्यावरचा आणि बाटल्यांवरचा आकडा एकच आहे का, हे मी वाचून सांगायचं होतं. चौथीचं शिक्षण तिथे कामाला आलं, मी एकेक आकडा मोठ्याने म्हटला. दोन बाटल्यांत वाटून तिने स्वतः झाकणं फिरवली. ती झाकणं कटकट वाजत घट्ट होतात आणि उलटी फिरत नाहीत. शेवटची कट ऐकून प्रज्ञाने मोठा श्वास सोडला.

निघताना मॅडमनी मला विचारलं, "पीछे बहुत सफ़ेद दिखता है क्या?"

"बराच," मी म्हटलं. खोटं कशाला सांगायचं?

परत सोनिवली, मग घर

पुढचे दिवस मजेत गेले. निघायच्या आधी मी पुन्हा लाडू केले. प्रज्ञा ओट्याजवळ उभी होती. प्रत्येक जिन्नस तिने हातात घेतला, वास घेतला, एखादा चावून बघितला. नाचणीचं पीठ, गूळ, तूप, तीळ. पुडी नाही. मग तिने एक खाल्ला आणि म्हणाली, "आत्या, हे त्याच्यापेक्षा चांगले झालेत." दत्ता म्हणाला, "नाही, ते चांगले होते." त्याला विचारलं कुणी!

गावाला आल्यावर वैद्याने मला वाटेत गाठलं. "पुडीने पोरीला गुण आला का?"

"तिच्यात काय घालतोस ते आधी सांग."

"ते सांगायचं नसतं, आक्का."

"मग ती तुझ्याकडेच ठेव."

अहवाल यायला बरेच आठवडे गेले. पोरीने काही खाल्लं नव्हतं हे मला माहीत होतं, पण डब्यावर एक आणि आत दुसरं, हे डोक्यातून जाईना. मग एका दुपारी मी पापड वाळत घालत असताना तिचा फोन आला.

"आत्या, काही नाही निघालं."

"काही म्हणजे काहीच नाही?"

"काहीच नाही. संघात नाव पक्कं."

मी फोन कानाला धरूनच ओरडले आणि शेजारच्या दोघी काय झालं म्हणून धावत आल्या. सांगितलं, भाचीच्या लघवीत काही निघालं नाही. त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. तिथूनच पोलिसांच्या आणि रक्ताच्या गोष्टी सुरू झाल्या असाव्यात.

फोन चालूच होता. प्रज्ञा म्हणाली, "मोठी स्पर्धा दुसऱ्या राज्यात आहे. तिथेही तपासणी असेल. दुसरी मॅडम असेल. येशील?"

"वहिनीचा पाय बरा झाला ना? ती येईल की."

"आई येईल, पण ती म्हणेल मॅडम छान आहेत. मोजे कोण सांगणार?"

मी पापडावरून कावळा हाकलला आणि म्हटलं, "येते. लाडू आणणार नाही."